तिपाईबाबा थोडे सरकले

बऱ्हाणपूर,
८ मे १९५६

चि. सौ. सुलभास दिगूमामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देतात का? वसंतरावांची कंबर कशी आहे? खुर्चीवर उशी घ्या म्हणून मागे लिहिलं होतं, ती घेतली की अजून सेक्रेटरिएटातल्या लोकांची लाज वाटते? गोटूचा कान वाहत होता, तो थांबला का? आणि तू? तू स्वतःविषयी कधी काही लिहीत नाहीस, म्हणून तू बरी असशील असं मी धरून चालतो, पण एकदा लिहून टाक. इकडे तुझी विमलमामी ठणठणीत आहे. इतकी, की ती स्वयंपाकघरात बोलली की मला चौकातल्या दुकानात ऐकू येतं. मी बरा आहे. फक्त औषधांनी बोटं काळी पडली आहेत आणि मामी मला त्या हातांनी पोळीच्या डब्याला शिवू देत नाही.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेलं नागपूरच्या हौशी छायाचित्र मंडळाचं पत्रक मी इतक्या वेळा उघडलं की ते घडीवर फाटलं. एकच झाड, चार वेगवेगळ्या हवा, आणि चारही फोटो एकाच जागेवरून. अगं, हे पत्रक काढणाऱ्याने मला स्वप्नात पाहिलं असणार. मी आजन्म चष्मे विकले आणि आजन्म झाडांचे फोटो काढले. माणसांचे काढत नाही. माणूस फोटो बघून म्हणतो, माझं नाक एवढं मोठं कुठे आहे? झाड असं कधी म्हणत नाही. म्हणून सगळा चौक मला झाडवाले म्हणतो, आणि प्रेमाने म्हणत नाही.

पत्रकात लिहिलंय, फोटो पंचवीस ऑक्टोबरच्या आत पोचले पाहिजेत आणि पाठवणारा आपल्याच प्रांतातला पाहिजे. एक नोव्हेंबरला तुमचं नागपूर मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्य प्रदेशातच राहणार. म्हणजे पुढच्या वर्षी मी तुमच्या मंडळाला परका. हाच एक मुहूर्त. त्यात मामीने पैज लावली आहे: माझं झाड नागपूरच्या भिंतीवर टांगलं गेलं तर ती न्हाणीघर फोटो धुण्यासाठी कायमचं मला देईल, नाही गेलं तर कॅमेरा, तिपाई, लाल कंदील, सगळं माळ्यावर, पितळेच्या हंड्यांशेजारी. आजवर तिने शंभरदा धमकी दिली, पण या वेळी देवासमोर बोलली आहे. मी झोपेतसुद्धा माळ्याची शिडी बघतो.

झाड निवडलं. निंबोल्याच्या गाडवाटेवर भागाबाई म्हणून एक शेतकरीण आहे, तिच्या कपाशीच्या बांधावरचा महू, म्हणजे मोहाचं झाड. थोडा एका अंगाला कललेला, कोणी कानात काही सांगत असल्यासारखा. काल सर्व्हिस मोटारीने गेलो. तिपाईच्या मधोमध ओळंबा सोडला, गवंडी लावतात तसा, आणि तो जिथे टेकला तिथे एक दगड पक्का रोवला. आता दर खेपेला ओळंबा त्या दगडावर आला की जागा चुकायची नाही. दगड कोणी उपटू नये म्हणून एक तजवीजही केली. कोणती ते विचारू नकोस. मग ऊन चढेपर्यंत बसून राहिलो आणि झळांमध्ये पहिली काच, म्हणजे फोटोची प्लेट, उघडली. पानं नुसती थरथरत होती. प्रत सोबत पाठवतो, जपून ठेव.

तुझा
दिगूमामा

ता. क. सुलू, मी मामी. तजवीज काय ते मी सांगते. माझ्या देवघरातली शेंदराची डबी अर्धी रिकामी आहे आणि यांच्या सदऱ्याच्या बाह्या नारिंगी आहेत. तूच समज.


नागपूर,
२१ मे १९५६

तीर्थस्वरूप दिगूमामांस सुलभाचा नमस्कार.

सासूबाईंचे गुडघे जिना उतरू देतात, चढू देत नाहीत, म्हणून त्या आता खालीच शेजारणीकडे मुक्कामाला असल्यासारख्या आहेत. गोटूचा कान बरा आहे. ऐकू सगळं येतं, ऐकत काही नाही. वसंतरावांनी उशी घेतली. त्यांच्या कचेरीत सध्या टेबलांवर खडूने खुणा चालल्या आहेत, कोणतं टेबल भोपाळला आणि कोणतं मुंबईकडे. यांच्या टेबलावर एका बाजूला भ आणि दुसऱ्या बाजूला मुं लिहिलंय. हे म्हणतात, करवत आणतील बहुतेक. मी बरी आहे. घ्या, लिहिलं.

मामा, झळांचा फोटो फार आवडला. बघतानाच घशाला कोरड पडली. आकाराने पोस्टकार्डाहून लहान आहे, पण आरशाच्या चौकटीत खोवून ठेवला आहे.

पण शेंदूर? अहो मामा, रोवलेल्या दगडाला शेंदूर लावलात म्हणजे काय केलंत ते तुमच्या लक्षात आलंय का? आपल्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेने हद्दीचा दगड बसवला होता, त्याला कोणीतरी पाटा समजून हळद वाटली, तर पुढच्या संक्रांतीला बायका वाण घेऊन हजर होत्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. लवकर जाऊन दगडाची खबर घ्या आणि मला कळवा. माळ्याची शिडी मीही डोळ्यांसमोर ठेवली आहे.

तुमची
सुलभा


बऱ्हाणपूर,
१९ जून १९५६

चि. सौ. सुलभास आशीर्वाद.

तुझी जीभ काळी आहे. लहानपणी तुझ्या आईला मी म्हणायचो ते खोटं नव्हतं.

आधी चांगली बातमी. वावटळीची काच साधली. आकाश पिवळं झालं, महूच्या फांद्या एका अंगाला केस सोडल्यासारख्या झाल्या, आणि मी तिपाईच्या तिन्ही पायांना तीन धोंडे बांधून वरून स्वतः मिठी मारून उभा. फोटो असा आला आहे की बघणाऱ्याने डोळे चोळावेत. म्हणजे दोन हवा झाल्या. राहिला पाऊस आणि राहिली धुई, म्हणजे तुमचं धुकं.

आता दुसरी बातमी. मी गेलो तर दगडासमोर नारळ फोडलेला. दोन उदबत्त्या, वाटीत साखर, मुंग्यांची रांग. तेवढ्यात गावचा कोतवाल भिकन आला, त्याने वहाणा काढल्या आणि मला विचारलं, "भाऊ, तुमीबी तिपाईबाबाच्या दर्शनाले आले का?"

मी विचारलं, कोणाच्या? तर त्याने दगडाभोवतीचे तीन खड्डे दाखवले. ही बाबाची तीन पावलं, म्हणाला. सुलू, ते माझ्या तिपाईचे पाय होते. तरी मी दर्शनालाच आलो म्हणालो. मग तिपाई लावायची कशी? शेवटी मी साष्टांग घातला, उठलो, आणि बाबाची सेवा करतो असं सांगून त्याच तीन पावलांत तिपाईचे पाय रोवले. भिकन म्हणाला, बराबर बसले. मी म्हणालो, बाबाची कृपा.

यात एक खरी काळजीची गोष्ट कळली. पंचांनी उन्हाळ्यातच ठरवलं आहे की केळीचे ट्रक वळताना अडतात, म्हणून गाडवाट सरळ करायची आणि महू तोडायचा. पेरण्या आटोपल्या की कुऱ्हाड. माझं अर्धं झाड काचेवर आणि अर्धं जमिनीवर, आणि मध्येच कुऱ्हाड आली तर? मी भागाबाईला विचारलं, बाई, तुमच्या बांधावरचं झाड, तुम्ही काही बोलला नाहीत का? ती फार गंभीर बाई आहे. हसताना मी तिला पाहिलेलं नाही. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, बाबाच्या मनात असंल ते होईल. इतकी भाविक बाई बघून मला माझ्या शेंदराची लाजच वाटली.

तू सांग, खरं सांगून टाकू का? खरं सांगितलं तर लोक मला गावात पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. नाही सांगितलं तर रोज नवा नारळ. मामी म्हणते, शेंदूर माझ्या डबीतला, तर नारळाचं खोबरं तरी घरी आणा.

तुझा
दिगूमामा


नागपूर,
२७ जून १९५६

तीर्थस्वरूप दिगूमामांस नमस्कार.

कार्डच लिहिते, कारण हसून हात हलतो आहे. सांगू नका. ऑक्टोबरपर्यंत तोंडातून चकार शब्द काढू नका. झाडाला कोणी वाली मिळाला आहे तर मिळू द्या, मग तो तुमच्याच हातचा असेना. गोटू विचारतो, बाबाला तीन पाय आहेत तर तो लंगडी कशी घालतो. मी म्हटलं, उत्तर मामांना विचारते. तुम्हाला सुचलं तर कळवा.

सुलभा


बऱ्हाणपूर,
२० सप्टेंबर १९५६

चि. सौ. सुलभास आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. तापी दोन वेळा घाटाच्या पायऱ्या चढून आली, दुकानात भिंतीला ओल, आणि काचा वाळवायला एक कोरडा कोपरा मिळेना. शेवटी मामीच्या तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवल्या. हे तिला ठाऊक नाही. भात जरा वेगळा लागतो असं ती म्हणाली, तेव्हा मी नवा तांदूळ असेल म्हणालो.

पावसाची काच मिळाली. तीन खेपा फुकट गेल्या, चौथ्या खेपेला असा पाऊस लागला की महू आहे की महूची आठवण आहे ते कळू नये. पण ती काच मी कशी काढली ते ऐक, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मंगळवार होता. दगडापुढे निम्मं गाव. दगडावर आडव्या बांबूला दोरीने घंटा टांगलेली, थेट माझ्या ओळंब्याच्या जागी, ओळंब्याएवढीच उंच. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी डोक्यावर काळी घोंगडी ओढून घेतो, वाकतो, एक डोळा मिटतो, आणि मग झाडाकडे बघतो. मी त्या पोराबाळांच्या, बायाबापड्यांच्या रांगेत उभा, आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. सुलू, हे मी करतो. कॅमेऱ्यामागे काळं कापड डोक्यावर घेऊन वाकतो तो मी. त्यांनी माझी पूजा उचलली आहे.

आणि कळस तर पुढे आहे. आरती संपली की भिकन हात वर करून म्हणतो, "हलू नका." सगळे जागच्या जागी थिजतात. लहान मूलसुद्धा नाक ओढत नाही. मग तो म्हणतो, "झालं," आणि प्रसाद वाटतात. मी तो क्षण साधून घेतला. माझा नंबर आला, मी घंटेचा बांबू बाजूला सारून तिपाई लावली, माझ्याच कापडाखाली गेलो, भिकन "हलू नका" म्हणाला, आणि भर पावसात सगळं गाव माझ्यामागे पुतळ्यासारखं उभं राहिलं. असा आज्ञाधारक शेजार मला जन्मात मिळाला नाही.

पंचांचा बेतही मोडला. बाबाच्या सावलीचं झाड तोडणार कोण? गाडवाट आता झाडाला वळसा घालून रुंद करतात. मी आनंदाने भिकनला मिठीच मारली.

आणि त्याच आनंदात बुडालो. कारण त्या मंगळवारनंतर गावाने वर्गणी न काढता, ज्याने त्याने दगडमाती आणून, बाबाला ओटा बांधला आहे. माझ्या दगडाभोवती कमरेएवढा गोल ओटा, चार खांब, वर पत्र्याचं छप्पर. तिपाई ठेवायला वीतभर जागा नाही. छपराखाली उभं राहिलं तर कॅमेऱ्यात पत्राच दिसतो. दोन हात बाजूला लावली तर झाडाचा कल बदलतो, फांद्या एकमेकींवर येतात, आणि परीक्षकांना तिसऱ्या फोटोशी ताडून बघायला एक मिनिटही लागणार नाही. मी शेंदूर लावला नसता तर झाड गेलं असतं. लावला म्हणून जागा गेली. आता धुई पडली तरी मी तिचं काय करू?

काल मामीने माळ्यावरचे हंडे एका बाजूला सरकवून जागा केली आहे.

तिन्ही प्रती तुझ्याजवळ आहेतच. राहिल्या तर त्याच राहतील.

तुझा
दिगूमामा


नागपूर,
२९ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप दिगूमामांस नमस्कार.

मामा, आधी खुर्चीवर बसा. मामीलाही जवळ बसवा आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

काल वसंतरावांनी कचेरीतलं नकाशे बघायचं भिंग घरी आणलं होतं. गोटूने ते मुंग्यांवर, माझ्या नखांवर, आजीच्या दातांवर धरलं, आणि शेवटी आरशात खोवलेल्या तुमच्या पहिल्या फोटोवर. मग मला हाक मारून म्हणाला, आई, झाडाला डोळा आहे.

मी पाहिलं. डोळाच आहे. महूच्या खोडाच्या डाव्या बाजूने अर्धा चेहरा बाहेर आला आहे. कपाळावर कुंकवाची मोठी चिरी, हातात विळा, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. ती बाई रडत नाही, मामा. तिचे खांदे वर गेले आहेत आणि डोळा बारीक झाला आहे. ती हसू दाबते आहे. आणि बघते आहे थेट तुमच्याकडे.

आता तुमचंच पहिलं पत्र आठवा. तुम्ही लिहिलं होतंत, दगड रोवला, तजवीज केली, मग ऊन चढेपर्यंत बसलो, मग काच उघडली. म्हणजे तुम्ही शेंदूर फासत होतात तेव्हा ती बाई झाडामागे होती. काळं कापड, मिटलेला एक डोळा, ओळंबा, पहिल्या दिवशी तुम्ही जे जे केलंत ते पाहायला तिथे दुसरं कोण होतं? पहिला नारळ कोणी फोडला, ते तुम्ही कधी विचारलंत का?

ज्या बाईला हसताना पाहिलं नाही म्हणता ना, ती हीच असावी असा मला दाट संशय आहे. फोटो परत पाठवते आहे, सोबत भिंगही. भिंग सरकारी आहे, कोणत्या राज्याच्या सरकारचं ते अजून ठरलेलं नाही, तोवर वापरा. उद्याच निंबोल्याला जा. जागा ज्याने घालवली त्यालाच मागावी लागेल, आणि तो बाबा नव्हे.

सासूबाई तुमच्यासाठी जप करताहेत. कोणाचा ते मी विचारलं नाही.

तुमची
सुलभा


बऱ्हाणपूर,
१९ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. सुलभास अनेक, अनेक आशीर्वाद.

रजिस्टरचं पाकीट वेगळं येतं आहे, ते मिळताच पळत मंडळात नेऊन दे. हे पत्र नंतर वाच. नेऊन दिलंस? आता बस.

मी फोटो आणि भिंग घेऊन गेलो. भागाबाई पहिली वेचणी करत होती. मी दोन्ही तिच्या हातात दिलं. तिने ओटीतली कपाशी खाली ठेवली, भिंग उलटंसुलटं करून बघितलं, मग बराच वेळ फोटोत डोळा घालून उभी राहिली. मला वाटलं, आता पाया पडते की काय, किंवा विळा उगारते. ती म्हणाली, "नाक लय मोठं काढलं तुमी."

आणि हसली. सुलू, पाच महिन्यांचं साठवलेलं हसू होतं ते. बांधावर बसली, डोळे पुसले, परत हसली. मी शेंदराची बोटं सदऱ्याला पुसली, मग घाबरून इकडेतिकडे पाहिलं, ते सगळं तिने मला करून दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं.

मी विचारलं, मग पूजा का सुरू केलीत? तर हसता हसता थांबली. म्हणाली, "मी पंचाइले सांगून सांगून थकली, महू नका तोडू. उन्हात मजुराइनं भाकर कुठी खावी? बाईचं कोन ऐकते, भाऊ. देवाचं ऐकतात. अन तुमी देव आयता आनून देला."

मी म्हणालो, आणि गावाला कळलं तर? तेव्हा ती म्हणाली, "अर्ध्या गावाले माहीत आहे. अर्ध्याले माहीत करून घ्याचं नाही."

भिकन? भिकन पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूचा. त्या दिवशी वहाणा काढून मला दर्शनाला आले का विचारत होता, तेव्हा तो माझी फजिती बघत होता. आणि गावभर सगळे जण माझा शेंदूर माझ्यापासून लपवत होते, भाऊंना वाईट वाटू नये म्हणून. मी त्यांच्यापासून लपवत होतो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पाच महिने आम्ही एकमेकांना सांभाळत होतो.

मग मी माझं रडगाणं सांगितलं. चार हवा, पंचवीस तारीख, माळ्याची शिडी. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंगळवारी या.

मंगळवारी आरतीनंतर ती सगळ्यांसमोर उभी राहिली. मुद्रा अशी की दगडालाही घाम फुटावा. म्हणाली, बाबा स्वप्नात आले. त्यांना पत्र्याखाली उकडतं. त्यांना महूच्या बुडाशी, सावलीत बसायचं आहे. भिकनला त्याच वेळी खोकल्याची उबळ आली आणि तो लांब जाऊन बराच वेळ खोकत राहिला. एका म्हाताऱ्याने विचारलं, ओटा मोडायचा का? ती म्हणाली, मोडायचा नाही, बाबाले थोडं सरकायचं आहे, ओटाबी सरकंल. आणि संध्याकाळच्या आत वाजतगाजत ओटा, खांब, पत्रा, घंटा, सगळं झाडाच्या बुडाशी, खोडाच्या पलीकडच्या अंगाला गेलं. आता कुऱ्हाड आलीच तर आधी बाबावर पडेल. तिने एका दगडात माझी जागा सोडवली आणि झाडाला पक्कं कुलूप लावलं.

माझा दगड निघाला तिथे जमिनीत त्याचा साचा राहिला होता. ओळंबा सोडला, बरोबर मध्यभागी टेकला.

पण धुई यायला पाहिजे ना. मी भिकनच्या ओसरीवर मुक्काम ठोकला. रोज उठून आकाश निळं, धुतल्यासारखं. माझ्याकडे एकच काच शिल्लक. परवा पहाटे जागा झालो तर भिकनची गाय दिसेना. ती होती समोरच. तिच्या आणि माझ्यामध्ये धुई होती. मी कॅमेरा, तिपाई, कापड बगलेत मारून असा पळालो की एक वहाण वाटेत राहिली.

महू धुईत उभा होता, फक्त खोड आणि कललेला माथा, खाली काही नाही. मी तिपाई लावली. मागे हळूहळू माणसं जमली, सगळे घोंगड्या पांघरून. आणि भागाबाई आली ती सरळ खोडाजवळ जाऊन उभी. मी कापडातून डोकं काढून म्हणालो, बाई, मी माणसांचे फोटो काढत नाही. ती म्हणाली, पहिल्या फोटूत होती न मी? मंग शेवटच्यात काहून नको? आणि या खेपेला मागं नाही उभी राहनार.

पत्रकात माणूस नको असं कुठेही लिहिलेलं नाही, मी मनातल्या मनात पुन्हा वाचलं. परत कापडात गेलो. आणि "हलू नका" मीच म्हणालो. माझ्यामागे सगळं गाव थांबलं, पुढे ती थांबली, झाड तर थांबलेलंच होतं. मग मी "झालं" म्हणालो आणि भिकनने सवयीने प्रसाद वाटला.

काच मामीच्याच न्हाणीघरात धुतली. ती दाराबाहेर तांब्या घेऊन उभी होती, आंघोळीसाठी नव्हे. आतून मी "काच आली" म्हणालो, तर बाहेरून तिने विचारलं, "बाई कशी आली आहे?" झाडाबद्दल काही विचारलं नाही.

आता सगळं नागपूरच्या हातात. मी दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चुकीचा चष्मा ठेवतो.

तुझा
दिगूमामा


नागपूर,
१ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप दिगूमामांस आणि मामीस नमस्कार.

टांगलं. आधी तेवढंच वाचा. टांगलं आहे, चारही, एका चौकटीत, दारातून आत गेलं की उजव्या भिंतीवर.

पहिलं बक्षीस एका वडाला मिळालं. वड मोठा आहे, रागावू नका. तुम्हाला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र आहे. पण मी तासभर तिथे उभी होते, आणि लोक वडासमोर मान हलवून पुढे जात होते, तुमच्यासमोर येऊन थांबत होते. धुईतल्या फोटोजवळ गेले की आपोआप बोलायचं थांबत. एका परीक्षकांनी मला विचारलं, ही बाई कोण? मी म्हणाले, झाडाची मालकीण. ते म्हणाले, ती पहिल्या फोटोतही आहे, हे मुद्दाम केलं आहे का? मी म्हणाले, हो. माफ करा मामा, पण पन्नास माणसांसमोर खरं सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

गोटू त्या फोटोसमोर एक डोळा मिटून उभा राहिला आणि मोठ्याने हलू नका म्हणाला. सगळं दालन थांबलं. मग वसंतरावांनी त्याला उचलून बाहेर नेलं.

आज सकाळपासून आम्ही मुंबई राज्यात आहोत. यांचं टेबल अखंड राहिलं, नागपुरातच. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. तुमच्या चौकटीखाली लिहिलंय, निंबोला, मध्य प्रदेश. पहारेकरी मला म्हणाला, बाई, हे झाड काल इथलं होतं, आज पाहुणं झालं.

मामी, न्हाणीघराचं वचन लक्षात आहे ना?

तुमची
सुलभा


बऱ्हाणपूर,
७ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. सुलभास उदंड आशीर्वाद.

दिवाळी कधी आली आणि भाऊबीज कधी झाली ते या वर्षी मला कळलं नाही. तुझं पत्र मी चौकात उभं राहून वाचलं, मग दुकानात वाचलं, मग न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना वाचलं. मला जन्मभर झाडवाले म्हणणारे लोक चार दिवसांपासून परराज्यवाले म्हणताहेत. हे प्रेमाने म्हणतात. जागचं न हलता ज्याचं झाड दुसऱ्या राज्यात जाऊन आलं, असा माणूस आमच्या चौकात मी एकटाच.

मामीने न्हाणीघराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग ती अंगणात गेली, चांगलं लुगडं नेसून आली, आणि भिंतीशी ताठ उभी राहून म्हणाली, माझाही काढा, पण नाक सांभाळून. मी बाहेर पाहिलं, कडक ऊन होतं. म्हणालो, धुई पडू दे. तेव्हापासून ती रोज पहाटे उठून खिडकी उघडते.

काल निंबोल्याला गेलो. धुईच्या फोटोची प्रत भागाबाईला दिली. तिने भिंग मागितलं नाही. लांब धरून बघितलं आणि म्हणाली, आता बराबर आलं. मग ती मला बाबाच्या ओट्यापाशी घेऊन गेली, पदराआडून नारळ काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, फोडा.

मी म्हणालो, हा कशाबद्दल? ती म्हणाली, "कापडात डोकं घालून तुमी काय बोलले, मले झाडाखाली ऐकू आलं. धुईत आवाज लांब जातो."

सुलू, आता तुझ्यापासून काय लपवू. शेंदूर माझ्या बायकोचा, दगड वाटेवरचा, फासणारा मी. आणि त्या पहाटे, एकच काच शिल्लक असताना, मी कापडाखाली हात जोडून त्याच दगडाला म्हणालो होतो, बाबा, एवढी काच साधू दे, नारळ देईन.

मी नारळ फोडला. भिकनने हात वर केला, सगळे थांबले, महूचं एक पान तेवढं हललं.

वसंतरावांचं भिंग वेगळ्या पाकिटात पाठवतो. आता ते कोणत्या सरकारचं ते विचारून ज्याचं त्याला द्या. सासूबाईंना नमस्कार, गोटूच्या कानाला आशीर्वाद. आणि उत्तराला उशीर करू नकोस. तुझं पत्र आता परराज्यातून यायचं, पण तिकीट तेवढंच लागतं. मी पोस्टात विचारून आलो आहे.

तुझा
दिगूमामा